पन्नास हजारांचा कोर्स घेऊ का? ऐरोलीच्या ताईंना उत्तर

पत्र थोडक्यात असं आहे: "मी ऐरोलीला राहते, वय ४३. लग्नानंतर नोकरी सोडली, पण गेली काही वर्षं आजूबाजूच्या चार सोसायट्यांचे हिशोब लिहिते. मेंटेनन्सची बिलं, टॅलीतल्या एन्ट्र्या, सभासदांचे अर्ज, सगळं बघते. मागच्या महिन्यात ९९ रुपयांचा एक ऑनलाइन वेबिनार केला, डिजिटल प्रॉडक्ट विकून घरबसल्या कमाई असा. आता त्यांचा ४९,९९९ चा कोर्स घ्या म्हणून रोज फोन येतो, ईएमआयवर देतात. सोबत ५,००० ईबुकं मिळणार, ती आपल्या नावाने विकायची, आणि दुसऱ्या कोणाला कोर्स घ्यायला लावला की कमिशन. मी २,००० टोकन भरलंय. मिस्टर म्हणतात घेऊन टाक, सासूबाई नको म्हणतात. मला लिहायची सवय नाही, कॅमेऱ्यासमोर बोलायची भीती वाटते. माझ्याकडे विकण्यासारखं आहे तरी काय?"

ताई, कोर्स घेऊ नका. आधी हे सांगून टाकते कारण ईएमआयच्या फॉर्मसाठी ओटीपी मागायला त्यांचा फोन कधीही येईल. तो ओटीपी द्यायचा नाही. या ईएमआयला ते नाव काहीही देऊदेत, असले ईएमआय बहुतेक वेळा तुमच्या नावावरचं कर्जच असतं आणि कर्ज देणारी कंपनी वेगळी असते. उद्या कोर्सवाले ग्रुप बंद करून गायब झाले तरी हप्ता तुमच्याच खात्यातून कापला जाणार, आणि हप्ता चुकला तर सिबिल, म्हणजे पुढे कर्ज देताना बँका बघतात तो स्कोअर, तुमचा खराब होणार. टोकनचं म्हणाल तर आजच त्यांना ईमेल करा, मला कोर्स नको, २,००० परत करा, इतकंच दोन ओळींत. फोनवर बोलत बसू नका, लेखी ठेवा. दिले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे १९१५, तिथे तक्रार टाका, वेबिनारच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा. "आज रात्री १२ पर्यंतच ऑफर", "फक्त ३ सीट उरल्या" असं खोटंनाटं सांगून घाई करायला लावणं हे सरकारच्या नियमावलीत अनुचित म्हणून लिहिलेलं आहे, ३० नोव्हेंबर २०२३ ला ती निघाली, त्यात असे १३ प्रकार दिलेत. त्यामुळे तक्रार करताना संकोच वाटू देऊ नका.

आता त्या ५,००० ईबुकांच्या गठ्ठ्याबद्दल. असे गठ्ठे मी पाहिलेत. निम्मी पुस्तकं कोणाची आहेत तेच कळत नाही, मुखपृष्ठ बदललेलं असतं, आत दुसऱ्याच कोणाचं तरी इंग्रजी लिखाण, आणि "रीसेल राइट्स" म्हणून एक पानाचं सर्टिफिकेट ज्याच्यावर मूळ लेखकाची सही नसते. कॉपीराइटचा १९५७ चा कायदा आहे आपल्याकडे, दुसऱ्याचं लिखाण परवानगीशिवाय जाणूनबुजून विकलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड अशी त्यात तरतूद आहे. विकताना नाव तुमचं असणार, बँक खातं तुमचं असणार, मग विचारणा कोणाला होणार ते उघड आहे. आणि कमिशनचं सांगायचं तर, ज्या धंद्यात मुख्य कमाई माल विकून नाही, नवीन माणूस आत आणून होते, त्याला आपल्याकडे बंदी आहे, १९७८ चा कायदा आहे आणि २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांतही परत स्पष्ट लिहिलंय. तुम्ही तुमच्या सोसायटीतल्या बायकांना असल्या कोर्समध्ये आणलंत आणि त्यांचे पैसे बुडाले तर लिफ्टमध्ये रोज तोंड त्यांनाच दाखवायचंय.

बरं, हा विषय इथेच सोडू, कारण तुमच्या पत्रात मला जे खरं महत्त्वाचं वाटलं ते तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. चार सोसायट्यांचे हिशोब, सभासदांचे अर्ज. ताई, ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ, खारघर, कुठेही जा, माणूस सोसायटीत राहतो आणि प्रत्येक सोसायटीत एक खजिनदार असतो ज्याला कोणीतरी सभेत हात वर करायला लावून खजिनदार केलेलं असतं. तो दिवसभर ऑफिसात, रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडून बिलं बनवतो आणि अडला की तुमच्यासारख्या कोणाला तरी फोन करतो. ते फोन तुम्हाला येतात ना? तेच विकायचंय तुम्हाला.

एक काम करा. पुढचे पंधरा दिवस जो जो प्रश्न तुम्हाला फोनवर, व्हॉट्सॲपवर, जिन्यात कोणी विचारेल तो वहीत लिहा, त्याच्याच शब्दांत लिहा. "वडील गेले, फ्लॅट माझ्या नावावर करायला सोसायटीत काय द्यायचं", "भाडेकरू ठेवलाय तर सोसायटी किती जास्त घेऊ शकते", "दोन वर्षांची थकबाकी आहे, व्याज किती लावायचं", "आमचं मेंटेनन्स महिना ७,५०० च्या वर गेलं, आता जीएसटी लागेल का". तुम्हाला या सगळ्याची उत्तरं झोपेतून उठवून विचारली तरी येतात म्हणून तुम्हाला ती किरकोळ वाटतात. ज्याला येत नाहीत तो त्यासाठी अर्धा दिवस रजा टाकून सहकार खात्याच्या उपनिबंधकाच्या ऑफिसात जाऊन बसतो आणि तिथून "सोसायटीत विचारा" ऐकून परत येतो.

यातला पहिला प्रश्न मी तुमच्यासाठी निवडते, वडील गेले आणि फ्लॅट नावावर करायचाय हा. का, ते सांगते. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठी सरकारने दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे, वारसाच्या, नॉमिनीच्या किंवा घरातल्या माणसाच्या नावावर करताना सोसायटीने हस्तांतराचा प्रीमियम घ्यायचा नसतो, ५०० रुपये ट्रान्सफर फी आणि १०० रुपये प्रवेश फी एवढंच. आणि प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलं असेल, महापालिका हद्दीत विक्रीच्या वेळी घ्यायची जी २५,००० ची कमाल मर्यादा आहे तोच आकडा वारसाला सांगून टाकतात, आणि तेरावं होऊन आठवडाच झालाय असा माणूस वाद घालायच्या मनःस्थितीत नसतो, तो भरून टाकतो. दुसरं, नॉमिनी म्हणजे मालक नाही हे लोकांना माहीत नसतं, सहकार कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर कायद्यातच आलंय की वारस ठरेपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद. त्यावरून भावंडांत जी भांडणं लागतात ती वेगळीच. तिसरं, नवी मुंबईत सिडकोच्या, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, लीजवरची इमारत असेल तर सोसायटीत नाव लागलं म्हणजे झालं असं नसतं, सिडकोकडेही हस्तांतर नोंदवावं लागतं, हे ठाण्याहून नवी मुंबईत आलेल्या लोकांना कोणी सांगत नाही.

आता तुम्ही म्हणाल की फॉर्म तर मिळतातच. हो, मिळतात. सोसायट्यांच्या फेडरेशनकडे मिळतात, उपविधीच्या पुस्तकाच्या मागे असतात, नेटवर फुकट आहेत. पण कोरा फॉर्म सगळीकडे मिळतो, भरलेला नमुना कुठेच मिळत नाही! माणूस अडतो तो "सभासदाचे भाग क्रमांक ... ते ..." या टिंबांपाशी, कारण तो नंबर शेअर सर्टिफिकेटवर नक्की कुठे असतो तेच त्याला माहीत नसतं. तुम्ही एक काल्पनिक कुटुंब घ्या, वडील, आई, दोन मुलं, एक लग्न झालेली मुलगी, आणि त्यांचे सगळे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून दाखवा. हेच तुमचं पहिलं प्रॉडक्ट, एक छोटं पीडीएफ पुस्तक. मृत्यूचा दाखला जोडला तो कुठे, बहिणीचं ना-हरकत कसं लिहिलं, ॲफिडेव्हिट कधी लागलं, सोसायटीला अर्ज दिला ते पत्र कसं होतं. आणि एक पान फक्त पोच घेण्यावर ठेवा. अर्जाची दुसरी प्रत, तिच्यावर सोसायटीचा शिक्का, सही आणि तारीख. सेक्रेटरी म्हणतो "ठेवा, बघतो", आणि माणूस ठेवून येतो. अर्जावर तीन महिन्यांच्या आत निर्णय कळवायचा असतो, पण अर्ज कधी दिला याचा कागदच हातात नसेल तर तीन महिने मोजायचे कुठून? शिक्का देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, त्याची पावती कशी जपून ठेवायची त्याचा फोटो टाका. असली पानं लिहायला लेखक असावं लागत नाही, रोज तुम्ही फोनवर जसं सांगता तसंच लिहायचं. लिहायला जमत नसेल तर मोबाइलवर मराठीत बोलून टाइप करा, नंतर भाचीकडून शुद्धलेखन बघून घ्या. कॅमेऱ्यासमोर तर यायची गरजच नाही.

एआयला विचारलं की सगळं फुकट मिळतं, मग कोण विकत घेईल, असं तुमचे मिस्टर म्हणतील. विचारून बघा एकदा. बऱ्याचदा उत्तर सगळ्या राज्यांचं मिळून येतं, कधी दिल्लीचा नियम, कधी जुना. तुमच्या पीडीएफवर "महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी" असं आणि कुठल्या महिन्यापर्यंत तपासलंय ते वरच लिहा, आणि नियम बदलला की जुन्या गिऱ्हाइकाला नवी प्रत फुकट पाठवा. लोक त्यासाठीच पैसे देतात. आणि एक ओळ ठळक टाका की ही माहिती आहे, वकिली सल्ला नाही, भावंडांत वाद असेल तर वकिलाकडे जा. नुसती टाकायची म्हणून टाकू नका, वादाचं प्रकरण आलं तर खरंच हात लावू नका.

दुसरं प्रॉडक्ट एक्सेल शीट. थकबाकीवरचं व्याज. उपविधीत वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के आणि तेही सरळव्याज, पण मी आजवर जेवढ्या सोसायट्यांची शीट पाहिलीत त्यात बऱ्याच जणांनी मागची बाकी म्हणून मुद्दल अधिक व्याज एकाच कॉलममध्ये घेऊन त्याच्यावर परत व्याज लावलेलं असतं. म्हणजे नकळत चक्रवाढ. थकबाकीदार जरा शिकलेला निघाला की सभेत तोच कागद फडकवतो आणि बिचाऱ्या खजिनदाराची अब्रू जाते. तुम्ही मुद्दलाचा कॉलम वेगळा, व्याजाचा वेगळा, आलेली रक्कम आधी कशात वळती झाली ते वेगळं, असं शीट बनवा. त्यातच सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचे पैसे, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती फंड पाऊण टक्का हे आपोआप काढून द्या, बिनवापर शुल्क, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी जे जास्त घेते ते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर गेलं तर खाना लाल होऊदे. हे शीट वीस-पंचवीस फ्लॅटच्या सोसायटीला लागतं, ज्यांना अकाउंटंट परवडत नाही. मोठ्या टॉवरवाल्यांच्या मागे लागू नका, त्यांच्याकडे ॲप असतं.

फक्त एक काळजी घ्या आणि ही मनापासून सांगते. शीट बनवताना तुमच्या चालू सोसायटीची फाइल कॉपी करून नावं पुसू नका. लपवलेल्या शीट राहतात, दुसऱ्या टॅबवर फोन नंबर राहतात, फाइलच्या प्रॉपर्टीत सोसायटीचं नाव राहतं. कोणाची किती थकबाकी आहे हे बाहेर गेलं तर तुमचं आत्ता चालू असलेलं कामही जाईल. कोऱ्या फाइलपासून सुरू करा, दोन दिवस जास्त लागूदेत.

पीडीएफ बनवताना जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेऊ नका, डीटीपीवाले अजून सवयीने तसं देतात आणि मग मोबाइलवर शोधता येत नाही, कॉपी केलं की भलतीच अक्षरं येतात. युनिकोडच पाहिजे असं सांगा, मुक्ता सारखा फुकट फॉन्ट छान दिसतो. वाचायची पानं मोबाइलच्या रुंदीची ठेवा, मोठं अक्षर, आणि छापायचे नमुने वेगळ्या ए-फोर फाइलमध्ये. पत्रांची वर्डची फाइलही द्या म्हणजे नाव बदलून लगेच प्रिंट काढता येते. किंडलवर मराठी पुस्तक टाकता येतं, पण तुमच्या मालाला ते बसत नाही, गिऱ्हाइकाला वाचायचं कमी आणि प्रिंट जास्त काढायचीय.

किंमत २९९ ठेवा. हिशोब तुम्हाला आवडतो म्हणून लिहिते: पेमेंट गेटवे, म्हणजे रेझरपे, इन्स्टामोजो वगैरे, साधारण २ टक्के घेतो असं धरा आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७ रुपये ६ पैसे गेले, हातात २९१ रुपये ९४ पैसे. ४९,९९९ चा तो कोर्स घेतला असतात तर नुसते ते भरून काढायला अशा १७२ प्रती विकाव्या लागल्या असत्या, ईएमआयचं व्याज आणि जाहिरातीचा खर्च धरलाच नाही. आणि सोसायटीसाठी वेगळा दर ठेवा, समजा ९९९, ज्यात कमिटीच्या सगळ्यांनी वापरायची परवानगी असेल. नाहीतरी एकाने घेतलं की ते कमिटीच्या ग्रुपवर जाणारच, मग त्याचाच रीतसर दर असूदे. एकट्याच्या प्रतीवर प्रत्येक पानाखाली घेणाऱ्याचं नाव छापलेलं येईल असं करा, त्याने फॉरवर्ड पूर्ण थांबत नाही पण माणूस विचार करतो.

सुरुवातीला जीपेवर पैसे आणि व्हॉट्सॲपवर फाइल असं करायचा मोह होईल. पहिल्या काही गिऱ्हाइकांपुरतं ठीक आहे. नौपाड्यातल्या माझ्या ओळखीच्या एक बाई इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी मराठी वर्कशीट विकतात, २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीचं झाल्यापासून त्यांना चांगली मागणी आहे, त्या असंच करायच्या. परीक्षेच्या आदल्या रात्री साडेअकराला आया पैसे पाठवून फाइलची वाट बघत बसायच्या आणि या झोपलेल्या. सकाळी फोनवर बोलणी. वर एकदोघांनी पेमेंटचा खोटा स्क्रीनशॉट पाठवला. आता गेटवेच्या पेजवर पैसे भरले की फाइल आपोआप जाते. तुम्हीही तेच करा. त्यासाठी पॅन, बँक खातं आणि एक साधं पान लागेल ज्यावर तुमचा संपर्क, अटी आणि पैसे परत करायचं धोरण लिहिलेलं असेल. ते धोरण प्रामाणिक लिहा, सात दिवसांत नको वाटलं तर पैसे परत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करायची असेल तर ती सरकारी साइटवर फुकट आहे, दीड-दोन हजार मागणारे एजंट आहेत त्यांना देऊ नका. जीएसटी नोंदणी वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत लागणार नाही, पण त्यात सोसायट्यांकडून मिळणारे तुमचे पैसेही धरायचे. इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये मात्र हे धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवा, त्याला पगारदारांचा साधा फॉर्म चालत नाही, सोसायटीच्या ऑडिटला जे सीए येतात त्यांनाच विचारा.

विकायचं कुठे? फेसबुकच्या जाहिराती आत्ता नकोत, २९९ च्या वस्तूला तो खर्च झेपत नाही. तुमच्या चार सोसायट्यांचे चार सेक्रेटरी आहेत, त्यांच्या ओळखीचे आणखी आहेत, आणि सोसायट्यांचे ऑडिटर आहेत ज्यांना दर वर्षी तेच तेच समजावून सांगायचा कंटाळा आलाय. पहिल्या दहा जणांना फुकट द्या, अट एकच, कुठल्या पानावर अडलात ते कळवायचं. ते जिथे अडले ते पान परत लिहा. आणि गूगलवर शोधून येणाऱ्यांसाठी एकेका प्रश्नाचं उत्तर फुकट लिहून टाका, अर्धवट ठेवून "पुढचं विकत घ्या" असं करू नका, पूर्ण उत्तर द्या. ज्याला भरलेला नमुना पाहिजे तो घेईलच.

महिन्याला किती मिळतील हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात प्रश्न येईल म्हणून लिहिते. पहिले काही महिने किराणाही निघणार नाही असं धरून चाला, सोसायट्यांचं एकही काम सोडू नका. या मालाला सीझन आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे जुलैपासून खजिनदारांची धावपळ सुरू होते, एक्सेल शीट तेव्हा खपेल. वारसाचं पुस्तक बारा महिने हळूहळू जाईल. म्हणून आधी पुस्तक पूर्ण करा, शीट जूनच्या शेवटापर्यंत विक्रीला तयार पाहिजे, त्यामुळे त्याआधीच तुमच्या चारपैकी ज्या सोसायटीचा खजिनदार सगळ्यात जास्त फोन करतो त्याच्याकडून एक तिमाही ते चालवून घ्या, बिलं जुन्या पद्धतीनेही काढायची आणि शीटवरही, दोन्हीचा आकडा पैशापैशाने जुळला की मगच विक्रीला लावा.